गोकूले लांडग्यानं मारलं

‘ड्रॅगन बॉल झेड : द लेगसी ऑफ गोकू’ हा हातात धरून खेळायचा मारधाडीचा व्हिडिओ गेम मे २००२मध्ये अमेरिकेत बाजारात आला. वेबफूट टेक्नॉलॉजीज या कंपनीने तो तयार केला, इन्फोग्राम्सने विकला आणि निन्टेंडोच्या ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ या यंत्रावर तो चालत असे. गेमचा नायक गोकू. अकिरा तोरियामा यांच्या चित्रकथेवरून तोएई अ‍ॅनिमेशनने १९८९ ते १९९६ या काळात काढलेल्या २९१ भागांच्या जपानी मालिकेत हा गोकू डोंगर फोडतो, पृथ्वी वाचवतो आणि मेला तरी परत येऊन लढतो. गेममध्ये त्याला सुरुवातीच्या जंगलातला लांडगा मारतो. लांडग्याच्या तावडीतून सुटलाच, तर साप मारतो. या गेमच्या समीक्षेचा सगळा इतिहास या एका गोष्टीपासून सुरू होतो. वऱ्हाडातली समीक्षा तर तिथून फारशी पुढे गेलेलीच नाही.

अमेरिकेतल्या मासिकांनी आणि संकेतस्थळांनी गेमला बऱ्यापैकी झोडपले. ठोसा मारला तर तो लागेलच याचा भरवसा नाही, समोरच्याचा मात्र दर वेळी बरोबर लागतो. त्यामुळे जगातल्या सर्वांत बलाढ्य योद्ध्याने दुरून निळे गोळे फेकायचे आणि मागे पळायचे, हीच शहाणपणाची युद्धनीती ठरते. मालिकेत जो ढगांच्या वर तासन्‌तास लढतो, त्याची उडण्याची ताकद इथे थोडक्यात संपते. शिवाय गेम लहान. सरावलेला खेळाडू काही तासांत शेवटच्या शत्रूपर्यंत, फ्रीझापर्यंत, पोचतो. एकूण सूर असा की मालिकेचे चाहते असतील त्यांनी घ्यावा, बाकीच्यांनी विचार करावा. बाकीच्यांनी विचार केला की नाही ते कळत नाही, पण चाहत्यांनी गेम घेतला, इतका घेतला की पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला. नावे ठेवणे आणि विकत घेणे या दोन क्रियांचा एकमेकींशी काही संबंध नसतो, हे अमेरिकेला त्या निमित्ताने कळले. वऱ्हाडात हे आधीपासून ठाऊक होते. ‘कचोरी पहिलेसारखी नाही रायली’ हे वाक्य तिथे नेहमी दुसरी कचोरी खाताना उच्चारले जाते.

गेमची समीक्षा करण्याच्या काही मान्य पद्धती आहेत. जपानात १९८६पासून निघणाऱ्या ‘फामित्सु’ या नियतकालिकात चार समीक्षक गेम खेळतात, प्रत्येक जण १०पैकी गुण देतो आणि बेरीज ४०पैकी छापली जाते. अमेरिकेत २००१मध्ये सुरू झालेले ‘मेटाक्रिटिक’ ठिकठिकाणचे गुण गोळा करून १००पैकी सरासरी काढते. वऱ्हाडातही एका गेममागे साधारण चारच समीक्षक असतात. फरक इतकाच, की ते गेम खेळत नाहीत. खेळणाऱ्याच्या खांद्यामागे उभे राहतात. गुणही देत नाहीत, कारण गुण दिले की विषय संपतो, आणि विषय संपवायला कोणी चौकात येत नाही.

‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ हे यंत्र अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या राजकमल चौकात सहजासहजी मिळणारे नव्हते. ते सुटीत येई, आणि तेही कोणाच्या तरी आतेभावाच्या बॅगेतून. आतेभाऊ अमेरिकेतून, नाही तर अमेरिकेत काका असलेल्या पुण्यातून आलेला असे. पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा, म्हणजे आगपेटीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याला आतून उजेड नव्हता. या अंधाऱ्या पडद्याबद्दल जगभर तक्रार झाली आणि २००३मध्ये निन्टेंडोने दिवा असलेले नवे यंत्र काढले. वास्तविक मे महिन्यातल्या अकोल्यात उजेडाची टंचाई कधीच नसते. पण पारा ४५च्या वर गेला की सकाळी अकरापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला मनाई. घरात खिडक्यांना पडदे, दाराला ओले पोते आणि कूलरपुढे गारव्यातला काळोख. उजेड होता तिथे ऊन होते, सावली होती तिथे गोकू दिसत नव्हता. पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत यंत्र धरायचे आणि तिरीप सरकेल तसे आपणही फरशीवर सरकायचे, अशी तडजोड निघाली. त्यात मागच्या चौघांची सावली पडद्यावर पडे. वऱ्हाडातल्या पहिल्या पिढीच्या समीक्षकांनी गेम धडपणे पाहिलेलाच नव्हता. मतांच्या ठामपणाला ही अडचण कधी आली नाही.

यंत्राला दोन पेन्सिल सेल लागत आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ते पंधराएक तास चालत. हे तास अमेरिकेतच संपवून आतेभाऊ आलेला असे. नवे सेल आणायचे तर बाहेर ऊन, आणि पैसे मागायचे तर कारण सांगावे लागणार. म्हणून एक सेल बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळातून निघे आणि दुसरा गजराच्या घड्याळातून. बैठकीत दोन वाजून दहा मिनिटे झालेली असत आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच राहत. गजर न झाल्याने दुसऱ्या दिवशीची शिकवणी बुडे. घड्याळ बंद का पडले याचा तपास घरातले वडीलधारे स्टुलावर चढून करत, रिकामा कप्पा पाहून खाली उतरत आणि थेट कूलरच्या खोलीकडे वळत. गेमवरचा पहिला प्रतिकूल अभिप्राय इथे नोंदवला जाई. तो पाठीवर नोंदवला जाई.

या आधी वऱ्हाडातल्या पोट्ट्यांचा हातातल्या गेमशी परिचय नव्हता असे नाही. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात विटांचा गेम मिळे. त्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात आत विटा पाडणे, साप वाढवणे, गाडी चुकवणे आणि रणगाडा चालवणे असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके खेळ. बाकीचे सगळे तेच खेळ कमी-जास्त वेगाने. ९९९९वा गेम कोणता, हे शोधण्यात कित्येक उन्हाळे गेले, तरी तो सापडला असे सांगणारा प्रत्येक मोहल्ल्यात एक जण असेच. ड्रॅगन बॉल झेडमध्येही असाच एक फुगलेला आकडा आहे. गोकूची ताकद मोजताना त्याचा शत्रू व्हेजिटा ९००० म्हणतो तो इंग्रजी भाषांतरात. मूळ जपानीत तो आकडा ८००० आहे. समुद्र ओलांडताना आकड्यात हजाराची भर पडली. वऱ्हाडी श्रोत्याला यात वावगे काहीच वाटत नाही. मूर्तिजापूरला मारलेला साप अकोल्यात पोचेपर्यंत दोन हात वाढलेला असतो.

तर लांडगा. आतेभाऊ यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊन पाणी प्यायला उठे आणि तेवढ्यात संवाद सुरू होई.

“कोन मेला बे?”

“गोकू.”

“कोनं मारलं? फ्रीझानं?”

“लांडग्यानं.”

“लांडग्यानं? काहून?”

याला उत्तर नसे. मग सल्लागार मंडळ कामाला लागे.

“मार ना बे, मार!”

“मारूनच रायलो. लागत नाही त्याले.”

“बाजूनं मार.”

“मारलं.”

“मंग मागून मार.”

“मागून गेलो तं त्यानंच मारलं.”

“तुले नाही जमत. इकडं आण.”

सल्ला देणारा यंत्र हाती घेई आणि आधीच्यापेक्षा निम्म्या वेळात मरे. त्यानंतर तो जे बोले त्याला वऱ्हाडी समीक्षेत सिद्धान्ताचे स्थान आहे: “बटनच दबत नाही तुह्या मशीनचं.” म्हणजे स्वतः मेलो तर यंत्र वाईट, दुसरा मेला तर खेळणारा वाईट, आणि दोघेही मेले तर गेम वाईट. अमेरिकेतले समीक्षक पगार घेऊन तिसऱ्या निष्कर्षापर्यंत पोचले होते. इथे तो अर्ध्या तासात फुकट निघाला. शिवाय बटणे खरोखरच नीट दबत नसत, कारण चिवड्याच्या हातांनी चौघांनी ती दाबलेली असत.

याच मंडळातला चौथा समीक्षक सर्वांत आदरणीय. त्याने यंत्राला कधी हात लावलेला नसे. ‘मी खेळलो तं एका दमात फ्रीझापर्यंत नेईन’ असे तो म्हणे, पण खेळायला दिले तर ‘आता नाही, डोळे दुखून रायले’ म्हणून मागे सरके. त्यामुळे लांडग्याच्या हातून न मेलेला असा तो गावातला एकमेव माणूस राही आणि वादात शेवटचा शब्द त्याचा मानला जाई.

अकोला आणि अमरावती या शहरांमध्ये रस्त्याने शंभरेक किलोमीटरचे अंतर आहे, पण समीक्षेची घराणी वेगळी. अकोला कापसाच्या बाजारावर वाढलेले गाव, तिथे प्रश्न व्यवहाराचा. केवढ्याला पडला आणि किती तास चालला? भागाकार करून तासाचा भाव काढला जाई आणि मग त्याची तुलना टॉकीजच्या तिकिटाशी होई. काही तासांत संपणारा गेम हजारो रुपयांना घेणारा आतेभाऊ हा या घराण्याच्या लेखी गेमपेक्षा मोठा विनोद होता. अमरावतीचे लोक पैशांचा विषय काढत नाहीत. ते पवित्र्यावर बोलतात. तिथे १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. अशा शहरात कोणीही उठून ठोसा मारतो आणि तो लागत नाही, हे खपवून घेतले जात नाही. मल्लखांबाची एक उन्हाळी तुकडी केलेला पोट्टा गोकूचा पवित्रा पाहून सांगे, “याचं वजन मागच्या पायावर हाय. लांडगा नाही, शेळी बी पाडन याले.” गेम बनवणाऱ्यांनी अमरावतीत पंधरा दिवस काढले असते तर अमेरिकेतली निम्मी टीका टळली असती, असे मत तिथे आजही ऐकू येते आणि ते अगदीच चुकीचे नाही.

शेतकरी काकांची हरकत निराळीच होती. ती लांडग्यालाच होती. मेळघाटाच्या पायथ्याशी वावर असलेल्या माणसाला जंगली जनावर म्हणजे पुस्तकातले चित्र वाटत नाही. तुरीत रोही शिरतात, भुईमुगात रानडुकरे, आणि जागलीला गेलेल्या माणसाची अर्धी झोप तिथेच जाते. काका पडद्याकडे बराच वेळ पाहत आणि मग विचारत,

“तो निळा झोत सोडते ना हा, तो डुकरावर चालते काय?”

“काका, ह्याच्यात डुकरं नाही.”

“मंग काय उपयोग?”

त्यांच्यापुरती समीक्षा संपलेली असे.

घरातल्या बायकांच्या समीक्षेकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, पण गेमच्या रचनेवर सर्वांत नेमके बोट तिथूनच ठेवले गेले. या गेममध्ये लढाईखेरीज बराचसा वेळ लोकांची कामे करण्यात जातो. कोणाचे काही हरवलेले असते, कोणाला काही आणून हवे असते. ते शोधून दिले की गोकूच्या अनुभवात भर पडते. पाश्चात्त्य समीक्षकांनी याला कंटाळवाणी हेलपाटेगिरी म्हटले. स्वयंपाकघरातून तेच मत अधिक स्पष्ट शब्दांत आले.

“दोन घंटे झाले त्या बाईचं काय हरपलं ते पाहून रायला. मी सकाळपासून सांबार आण म्हणून रायली, ते नाही दिसत?”

“माय, तिथं आणून देल्लं तं पॉवर वाढते.”

“इथं नाही आणून देल्लं तं भाजी नाही भेटत.”

खेळाडू सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला जाई. परत येईपर्यंत यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलेले असे आणि जतन करून ठेवलेला गेम पुसून त्याने नवा सुरू केलेला असे. पुन्हा पहिले जंगल, पुन्हा तोच लांडगा.

आबाजींनी गेम एकदाच पाहिला, तोही चष्मा न लावता, पण प्रश्न मुळातले विचारले. याचे लग्न झाले आहे काय? झाले आहे. मूलबाळ? एक मुलगा, गोहान. गेमच्या सुरुवातीला तोच जंगलात शोधायचा असतो. मग बायको-पोरगं घरी टाकून हा गडी गावोगाव मारामाऱ्या करत काय हिंडते? पोटापाण्याचं काय? वावर कोन पाह्यते? नातवाने उत्तर दिले की गोकूला वावर नाही. आबाजी म्हणाले, “तरीच.” आबाजींसारख्यांचा हा आक्षेप जपानपर्यंत पोचायला तेरा वर्षे लागली असे दिसते. २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या मालिकेच्या पहिल्याच भागात गोकू शेतात ट्रॅक्टर चालवताना दाखवला आहे. एवढ्या लवकर दखल घेतली जाण्याचा अनुभव वऱ्हाडातल्या शेतीविषयक सूचनांना एरवी नाही.

गेमचा शेवट फ्रीझाशी होणाऱ्या लढाईने होतो. मालिकेत ही लढाई नामेक ग्रहावर होते आणि ऐन भरात फ्रीझा जाहीर करतो की पाच मिनिटांत ग्रह फुटणार. त्यानंतर जवळपास दहा भाग लढाई चालते. पाच मिनिटे संपत नाहीत. परदेशात यावर पुष्कळ थट्टा झाली. वऱ्हाडात या प्रसंगावर टीका झाल्याची नोंद नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेलेला माणूस जेवण करून, झोप काढून, चहा घेऊन येतो, हे इथे सर्वांना माहीत असते. फ्रीझा त्या मानाने वेळेचा पक्का. त्यातून ती मालिका कार्टून नेटवर्कवर हिंदीतून दाखवली जात होती तो काळ भारनियमनाचा. लढाई रंगात आली की वीज जाई आणि दोन दिवसांनी नेमक्या वेळेला वीज असली तर नामेक अजून फुटायचाच असे. काहीच चुकलेले नसे. गेम खेळताना तर या पाच मिनिटांना आणखी बळकटी मिळे, कारण घरातल्या दोन्ही घड्याळांचे सेल गेममध्ये असत. पुढे जून २०२२मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. त्या कामावर कोणी ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेले नसावे.

स्मार्टफोन आल्यावर गेमचे वऱ्हाडातले दुसरे आयुष्य सुरू झाले. जुन्या यंत्रांचे सोंग घेणारे इम्युलेटर फोनवर मिळू लागले आणि मोबाइलच्या दुकानात रिचार्ज, काच, कव्हर यांच्या जोडीला ‘कार्डात गेम भरून मिळतील’ अशी सोय झाली. गेमच्या मालकांची परवानगी हा विषय त्या काउंटरवर निघत नसे. दुकानदार मेमरी कार्ड घेई, संगणकाला लावी आणि विचारी, “कोणते पाह्यजे?” गिऱ्हाईक म्हणे, “गोकूचे सगळे.” सगळे भरून येत. सोबत न मागितलेली चारशे गाणी, दोन सिनेमे, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो आणि एक व्हायरसही येई.

घरी आल्यावर फोन गेम ओळखत नसे. फाइल कुलूपबंद असे आणि कुलपाचा संकेतशब्द इंग्रजीतल्या एका व्हिडिओत असे. तो व्हिडिओ पाहण्यापुरता डेटा पॅक उरलेला नसे. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ येईपर्यंत हा प्रश्न महिन्याच्या शेवटी सुटत नव्हताच. संकेतशब्द मिळून गेम सुरू झाला की कळे, बटणे आता काचेवर आहेत. घामाचा अंगठा काचेवर घसरे. उजवीकडे जायचे तर गोकू खाली जाई, आणि खाली कोण उभा असे ते सांगायची गरज नाही. कामेहामेहा, म्हणजे तो निळा झोत, सोडायला बोट दाबून धरावे आणि नेमका काकाजींचा फोन यावा. काकाजी “जेवला काय?” एवढेच विचारत, पण ते विचारायला आठ मिनिटे घेत. तोवर लांडग्याने वाट पाहिलेली नसे. उन्हात फोन इतका तापे की ‘थंड होईपर्यंत वापरू नका’ अशी पाटी झळके. मग फोन माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवायचा शोध लागला आणि त्यानंतर फोन दुरुस्तीचा धंदाही त्याच दुकानाला मिळाला.

याच काळात दुसरा भाग बहुतेकांच्या हाती लागला. ‘द लेगसी ऑफ गोकू २’ मूळचा २००३चा. पहिल्या भागावरची टीका बनवणाऱ्यांनी मनावर घेतली होती. ठोसे लागू लागले, चित्रे सुधारली, गेम मोठा झाला आणि गोकूखेरीज गोहान, पिक्कोलो, व्हेजिटा आणि ट्रंक्स या पात्रांना घेऊनही खेळता येऊ लागले. जगभर समीक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकच खोड राहिली. जागोजागी दारे आणि दारावर आकडा. ठरलेल्या पात्राने ठरलेली पातळी गाठलेली असेल तरच दार उघडणार. गोहान घेऊन जावे तर दार पिक्कोलोचे निघे, पिक्कोलो घेऊन जावे तर पातळी दोनने कमी पडे. तहसीलमध्ये दाखल्यासाठी गेलेल्या माणसाला यात नवे काही नव्हते, उलट दारावर निदान आकडा लिहिलेला आहे याचे कौतुक वाटले.

पण वऱ्हाडात दुसऱ्या भागाचे स्वागत थंड झाले, आणि त्याचे कारण गेमच्या चांगुलपणातच सापडते. चांगल्या गेमबद्दल पानठेल्यावर बोलायचे काय? ‘बेस हाय’ म्हटले की पुढचे वाक्य सुचत नाही. खेळणारा गप्प बसून खेळतो, मागचे चौघे गप्प उभे राहतात, कोणी कोणाला ‘इकडं आण’ म्हणत नाही. दोन संध्याकाळी असे झाल्यावर मंडळातला एक जण क्रिकेटला गेला, दुसऱ्याने शिकवणी लावली. पहिला भाग पुन्हा काढल्यावरच सगळे परत जमले. गेम किती चांगला, याचे मोजमाप अमेरिकेत १००पैकी होते. इथे तो किती जणांना एका जागी भांडत ठेवतो यावर होते, आणि त्या मापाने पहिल्या भागाला तोड नव्हती.

तिसऱ्या भागाची हकिगत सगळ्यांत गुंतागुंतीची. ‘बूज फ्युरी’ हा २००४चा. मूळ क्रमाने पहिल्या भागात फ्रीझा, दुसऱ्यात सेल आणि तिसऱ्यात बू असे शत्रू येतात. दुकानदाराच्या संगणकात मात्र फाइली इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे लागलेल्या असत आणि ‘बी’ ‘टी’च्या आधी येतो. त्यामुळे कार्ड भरून आणलेल्यांनी तिसरा भाग आधी खेळला, मग पहिला, मग दुसरा. बूच्या कथेत गोकू सुरुवातीलाच मेलेला, परलोकात असतो. म्हणजे वऱ्हाडी खेळाडूच्या हिशेबाने गोकू आधी परलोकात होता, तिथून अफाट ताकद घेऊन आला, आणि नंतरच्या भागात त्याला लांडग्याने मारले. यावरून कंपनीविषयी एक नवा आरोप तयार झाला.

“पहिल्या पार्टात कसा जबरा होता गोकू. दुसऱ्यात कंपनीनं कमजोर करून टाकला.”

“अबे, तो तिसरा पार्ट हाय. २००४चा.”

“कार्डात पहिला हाय.”

“साल पाह्य ना बे, सुरू होताना लिहून येते.”

“साल काय, कोनी बी लिहिते. माह्यावाल्या घड्याळात अजून २०१२ चालू हाय.”

आरोप टिकला. त्याला पुढे शास्त्रीय आधारही मिळाला, कारण मंडळातल्या चौथ्या समीक्षकाने, ज्याने तिन्हीपैकी एकही भाग खेळला नव्हता, त्याला दुजोरा दिला.